सुवर्णा नावाचा कॉम्प्युटर

आमच्या घरात जे जे म्हणून चालत होतं, त्यावर माझं नाव होतं. तात्यांच्या लाल ट्रॅक्टरवर पेंटरने पिवळ्या रंगात ‘कु. सुवर्णा’ असं वळणदार लिहिलेलं होतं आणि ‘र्णा’च्या शेवटी एक वेलबुट्टी सोडली होती. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर मीच होते. गल्लीच्या तोंडाशी तात्यांनी घातलेल्या पिठाच्या गिरणीवरही मीच. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना दोन मुलगे, आमच्या दोन्ही घरांत मिळून मुलगी मी एकटीच, त्यामुळे कोणतीही नवी वस्तू आली की नावाचा प्रश्नच नसायचा. आष्टीत ही रीतच होती आणि आजही आहे. मुलीचं नाव लावलं की वस्तूला बरकत येते म्हणतात. शाळेत जाताना ट्रॅक्टर शेजारून गेला की मैत्रिणी म्हणायच्या, “सुवर्णे, बग तू चाल्ली उसाला.” मला त्याचा अभिमान वाटायचा. मुलाचं नाव सातबाऱ्यावर लागतं आणि मुलीचं ट्रॅक्टरवर, हा फरक मला फार उशिरा कळला.

माझे वडील, अण्णा, गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. त्यांना एक सवय होती आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं, म्हणून ती आधी सांगते. डोळ्यांपुढे अक्षर आलं की ते मोठ्याने वाचायचे आणि वाचून झालं की त्याचा अर्थ सांगायचे. औषधाच्या बाटलीवरचं, खताच्या गोणीवरचं, एसटीच्या पाठीमागचं, काहीही. “शेक वेल बिफोर यूज. म्हणजे वापरण्यापूर्वी नीट हलवावे,” असं म्हणून मग बाटली आईकडे द्यायचे. आई म्हणायची, “हलवा की मंग, सांगू कामून लागले?” हातात लाकडी पट्टी असो नसो, ते सदा फळ्यासमोर उभे असल्यासारखेच असत. इंग्रजी त्यांचं बेताचं होतं, पण अडलं तर शब्दकोश काढायचे आणि अर्थ सांगितल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचे नाहीत.

आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका तेव्हा अण्णा काढून द्यायचे. हाताने लिहून परतूरला छापायला न्यायच्या, तिथे त्यात चुका व्हायच्या, आणि पेपर फुटण्याची भीती वेगळीच. म्हणून त्यांनी घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. जालन्याहून रफिकभाई नावाचा दुकानदार स्वतः जीपमधून खोकी घेऊन आला. बैठकीत, जिथे येणारा-जाणारा पहिल्यांदा टेकतो तिथेच, टेबल मांडलं. आईने पडद्याला हळदीकुंकू लावलं आणि नारळ मात्र त्याच्यावर नको म्हणून उंबऱ्यावर फोडला. रफिकभाई बराच वेळ काहीतरी भरत बसला होता. मध्येच मान वर करून म्हणाला, “सर, ये मशीन अपना नाम पूछरी. क्या डालूं?” अण्णांनी क्षणाचाही विचार केला नाही. “सुवर्णा टाका,” म्हणाले. रफिकभाईने ते इंग्रजीत, सगळ्या मोठ्या अक्षरांत टाकलं. मी तिथेच उभी होते. तात्या हसून म्हणाले, “आता हिचंच राज. ट्रॅक्टर हिचा, गिरण हिची, अन् हे टीव्हीवानी बी हिचंच.”

आणि ते खरंच माझं झालं. अण्णांची बोटं कळफलकावर अडखळायची, माझी पळायची. परीक्षेच्या आधी महिनाभर मी शाळेतून आले की बैठकीत बसायचे. अण्णा हातातल्या कागदावरून प्रश्न सांगायचे, मी टंकायचे. वीज केव्हाही जायची. मग टेबलाखालचा बॅटरीचा डबा किंचाळायला लागायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “सुवर्णे, तुझं लेकरू रडू लागलं बग.” माझे हात गुंतलेले असले की आई धपाट्याला दही-ठेचा लावायची, त्याची गुंडाळी करायची आणि माझ्या तोंडात घास द्यायची. “खाय ना माय, अक्षरं काय पळून जाऊन राह्यली का?” तिळाचे धपाटे, येसराची आमटी, भाजलेल्या शेंगांचा वास आणि त्या डब्याचं किंचाळणं, हे सगळं माझ्या डोक्यात आजही एकत्रच आहे. त्या बैठकीत पाच-सहा शाळांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेआधी माझ्या हाताखालून जायच्या. माझ्या स्वतःच्या वर्गाचीही एक असायची. ती मात्र अण्णा स्वतः रात्र-रात्र एका बोटाने टंकायचे, मी मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही. बाकीच्यांतला एक शब्द मी कधी मैत्रिणींना सांगितला नाही. अण्णा मुख्याध्यापकांना म्हणायचे, “माझ्या पोरीच्या तोंडातून पेपर फुटत न्हाई.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मी तर विसरलेच नाही.

बारावीच्या वर्षी अण्णांनी फोनची वायर कॉम्प्युटरला जोडून घेतली. निकाल आता घरबसल्या दिसतो आणि कॉलेजांची माहितीही तिथेच मिळते, असं त्यांनी ऐकलं होतं. दुपारी तासभर मला परवानगी होती. जोडताना गिरणीचा पट्टा सटकल्यावर येतो तसा एक विचित्र आवाज यायचा, आई कानांवर हात ठेवायची. तेवढा वेळ फोन गुंतलेला राहायचा आणि शेतातल्या कुणाच्या फोनवरून तात्या लावत बसायचे. संध्याकाळी चिडून यायचे. “तासन् तास बिझी. कुनाशी बोलू लागले तुम्ही?” अण्णा म्हणायचे, “पोरगी कॉलेजं बघून राह्यली.” कारण ते ठरलेलं होतं. बारावीनंतर मी औरंगाबादला कॉम्प्युटरच्या पदवीला जाणार होते. तेव्हा औरंगाबादच म्हणायचो आम्ही. अण्णांनी स्वतः फॉर्म आणला होता, त्यावर माझा फोटो स्वतःच्या हाताने डिंकाने चिकटवला होता आणि वसतिगृहाचा वेगळा फॉर्म त्याला टाचून ठेवला होता. आमच्या घराण्यातली कुणी मुलगी परतूरच्या पुढे शिकायला गेली नव्हती. निकाल लागला की फक्त गुण भरायचे राहिले होते.

त्या दुपारच्या तासातच ती पहिली खिडकी आली. मी काहीही उघडलेलं नव्हतं, नुसता फोन जोडला होता. ‘ढण्’ असा आवाज झाला आणि पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकोन उभा राहिला. वर लिहिलं होतं, ‘मेसेज फ्रॉम माइक टू सुवर्णा.’ खाली कसल्याशा गोळ्यांची जाहिरात होती. मी दोनदा वाचलं. गोळ्यांचं नाही, वरची ओळ. आता लपवण्यात काय अर्थ आहे? साता समुद्रापलीकडून कुणीतरी माझं नाव इंग्रजीत लिहून पाठवलं, याची मला गंमत वाटली. सतरा-अठरा वर्षांची होते मी, माझ्या नावाचं टपाल कधी आलं नव्हतं. मग रोजच यायला लागलं. कधी माइक, कधी लिंडा, कधी नुसतीच ‘सिस्टिम’. परीक्षा न देता पदवी मिळवा, टक्कल घालवा, आणि गंमत म्हणजे असल्या खिडक्या बंद करायच्या असतील तर आमचं औषध विकत घ्या. एक खिडकी पुसली की दुसरी तयार. जाहिराती आहेत हे मला आठवड्यातच कळलं. पेपरच्या पुरवणीत कॉम्प्युटरची प्रश्नोत्तरं यायची, त्यात कुणीतरी हेच विचारलं होतं. उत्तरात लिहिलं होतं की ही मोठ्या कचेऱ्यांसाठीची सोय आहे. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राला निरोप धाडायला ती केलेली असते, घरात तिचा उपयोग नाही, आणि कुणीही परका माणूस वायरीतून तिचा गैरफायदा घेऊ शकतो. वर जे नाव दिसतं ते तुमच्या यंत्राचं असतं. ती कशी बंद करायची हेही पायरीपायरीने दिलं होतं. मी ते कात्रण कापून माझ्या वहीत ठेवलं.

आणि तसंच ठेवलं. चुकीचं काही बंद झालं तर यंत्र बिघडेल असा इशारा शेवटी होता, आणि त्या यंत्रात अण्णांच्या प्रश्नपत्रिका होत्या. हे माझं कारण. पण अर्धंच. उरलेलं अर्धं वर सांगितलं आहे. मी घरी कुणाला बोललेही नाही, कारण बोललं तर फोनची वायर निघेल हे मला माहीत होतं.

निकालाच्या दिवशी आमची बैठक भरली. गल्लीतल्या पोरापोरींनी आपापले बैठक क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून आणले होते, त्यांच्यामागे त्यांचे आईबाप, शाळेतले दोन शिक्षक, सरपंचांचा पुतण्या, दारात गिरणीवर दळण टाकून आलेल्या बाया. आईने कढईभर शिरा केला होता, बेदाणे घालून. मी खुर्चीत बसले होते आणि अण्णा शेजारी लाकडी पट्टी घेऊन उभे होते. एकेक क्रमांक मी टंकायचे, पान यायला पाच-पाच मिनिटं लागायची, सगळे श्वास धरून बसायचे, आणि पान आलं की अण्णा पट्टी ठेवून मोठ्याने वाचायचे, “रिझल्ट, पास. म्हणजे उत्तीर्ण.” मग पुढचा. मध्ये खिडकी आलीच तर ती अण्णांनी पट्टी ठेवायच्या आत मी पुसत होते. सगळ्यात शेवटी माझा क्रमांक. अण्णांनी प्रत्येक विषयाचे गुण वाचले, आवाज चढत गेला, आणि शेवटी ते म्हणाले, “डिस्टिंक्शन. म्हणजे विशेष प्रावीण्य.” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. आई शिऱ्याची ताटली घेऊन दारात आली होती. अण्णांची पट्टी अजून पडद्यावरच होती.

तेवढ्यात ‘ढण्’ झालं.

मी हात पुढे केला, पण अण्णांची जीभ माझ्या हातापेक्षा पुढे होती. त्यांना थांबताच आलं नाही, दोन तास ते पडद्यावर येईल ते वाचत होते आणि अर्थ सांगत होते. “मेसेज फ्रॉम माइक टू सुवर्णा. आर यू लोनली? आय वाँट टू मीट यू टुनाइट.” पट्टी एकेका शब्दाखालून सरकत होती. आणि मग त्याच आवाजात, त्याच लयीत, सगळ्या गल्लीला समजेल अशा मराठीत ते म्हणाले, “माइककडून सुवर्णाला निरोप. तू एकटी आहेस का? मला आज रात्री तुला...” तिथे ते थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या वाक्याचा अर्थ अर्धा सोडला असेल. पट्टी मात्र तिथेच राहिली, ‘मीट’ या शब्दाखाली.

कुणी हसलंसुद्धा नाही, हसले असते तर फार बरं झालं असतं. दारातल्या बायांनी पदर सारखे केले. शिक्षकांपैकी एक जण म्हणाले, “बराय सर, येतो,” आणि मग एकेक करून सगळे उठले. शिऱ्याच्या ताटल्या भरलेल्या तशाच राहिल्या. शेवटचा माणूस पायरी उतरल्यावर तात्यांनी दार लोटलं.

“कोन हाय ह्यो?” तात्यांनी विचारलं.

“कुणी नाही, तात्या. जाहिरात आहे. सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर येते.”

“तुजं नाव कसं काय त्याच्यावर?”

“ते माझं नाही, यंत्राचं नाव आहे. रफिकभाईनं टाकलं ना, तुम्ही पण होतात की.”

तात्या माझ्याकडे बघत राहिले. “ट्रॅक्टरवर बी तुजंच नाव हाये,” ते म्हणाले. “इतकी वर्सं झाली. ट्रॅक्टरला कुनी चिठ्ठी धाडली का कदी?”

मी अण्णांकडे पाहिलं. ते पट्टीवरची धूळ पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कात्रण घेऊन बैठकीत गेले. म्हटलं, बोलून उपयोग नाही, करून दाखवावं. अण्णा आणि तात्या दोघांनाही मी बसायला लावलं. अण्णांना कात्रण वाचायला दिलं. त्यांनी ते मनात वाचलं, मोठ्याने नाही, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी पायरीपायरीने गेले. ती लांबलचक यादी उघडली, त्यातली ती एक ओळ शोधली आणि बंद केली. दोन मिनिटांचं काम होतं. मग फोन जोडला. एरवी दहा मिनिटांत चार खिडक्या यायच्या. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तास झाला. काही आलं नाही. आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज तेवढा येत होता. मला इतका आनंद झाला होता की मी खुर्चीत वळून म्हणाले, “बघा. आलं का काही? बंद झालं.”

तात्या उठले आणि त्यांनी अण्णांच्या हातातलं कात्रण घेतलं. मागच्या बाजूला पेपरची तारीख होती. “हे तर म्हैन्यामागचं हाये,” ते म्हणाले. “म्हंजी हिला म्हैन्यापासून ठावं व्हतं अन् हिनं घरात सांगितलं न्हाई. काल चार मान्सांत फजिती झाली, अन् आज बरोबर बंद झालं. कसं झालं? हिनं त्याला सांगून धाडलं आसंल, घरात कळलं म्हनून.”

“यंत्राला सांगितलं मी, तात्या. त्याला नाही.”

“सांगितल्याबिगर कुनी बोलायचं थांबतं का?”

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागले आणि बोलता बोलता मला कळत गेलं की मी जितकं नीट सांगतेय तितकी मी जास्त अडकतेय. मला बंद करता आलं, म्हणजे ते माझ्या हातात होतं. माझ्या हातात होतं, म्हणजे चालूही मीच केलं होतं. मला काहीच येत नसतं, मी नुसती रडत बसले असते, तर मी निर्दोष ठरले असते.

खरा उपाय मला सुचला तेव्हा माझी मुलगी सहा महिन्यांची होती आणि मी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. बंद करायलाच नको होतं. यंत्राचं नाव बदलायला हवं होतं. तात्यांचं नाव टाकायचं, फोन जोडायचा आणि वाट बघायची. दहा मिनिटांत आलं असतं, ‘मेसेज फ्रॉम माइक टू तात्या, आर यू लोनली?’ अण्णांनी त्याचा अर्थही सांगितला असता. इतकं साधं होतं. मी पाणी तसंच टाकून हसले आणि सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं. काही नाही म्हटलं. मग मोरीतच रडले.

त्या सकाळनंतर आठवड्याने रफिकभाई आला. अण्णांनीच बोलावलं होतं, वायर काढून न्यायला. मी स्वयंपाकघरात होते, आई कढी ढवळत होती, आणि बैठकीतलं सगळं ऐकू येत होतं. रफिकभाई म्हणाला, “सर, बच्ची का कुछ कसूर नै इसमें. नाम तो मैं डाला था, आपने बोला था ना? जालने में दस घरों में यही चलरा. मेरे दुकान के मशीन पे भी आते.” मी आईचा हात धरला. आईने माझ्याकडे पाहिलं, तिच्याही डोळ्यांत काहीतरी हललं. मग अण्णा म्हणाले, “माहिती आहे मला, रफिकभाई. मी ते कात्रण वाचलं तेव्हाच समजलं.”

“फिर?”

“फिर क्या? पन्नास जणांनी ऐकलं. माझ्याच तोंडून ऐकलं. आता पन्नास घरी जाऊन कुणाकुणाला समजावू?”

कढी उतू गेली तेव्हा आईने हात सोडवून घेतला. तात्यांना खरोखरच कळलं नव्हतं, त्यांचा मला फारसा राग नाही. त्यांना जे समजलं ते ते बोलले. अण्णांना सगळं कळलं होतं. रोज वर्गात उभं राहून पोरांना अर्थ सांगणाऱ्या माणसाला या एका ओळीचा अर्थ पन्नास घरी सांगायची लाज वाटली आणि त्या लाजेपायी त्यांनी मला खर्ची घातलं. हे मी आजवर कुठे बोलले नाही, इथे लिहून ठेवते.

फॉर्म कपाटातच राहिला. त्याची मुदत ज्या दिवशी संपली त्या दिवशी मी अण्णांच्या समोर जेवायला बसले होते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, “चटणी चांगली झाली आज.” मला परतूरला बीएला घातलं, बसने जायचं, बसने यायचं, आणि वर्षाच्या आत घनसावंगीचं स्थळ आलं. दिवाळीच्या आधी ट्रॅक्टरला रंग दिला तेव्हा पेंटरने माझ्या नावावरून लाल हात फिरवला आणि वर ‘जय किसान’ लिहिलं. ‘र्णा’ची वेलबुट्टी मात्र राहिली होती, त्याला ती छान वाटली असावी. बैठकीतल्या कॉम्प्युटरवर आईने भरतकामाचं कापड घातलं आणि त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवला. अण्णा पुन्हा प्रश्नपत्रिका घेऊन परतूरला जायला लागले.

सासरी निघताना अण्णांनी मला एकच गोष्ट बजावली. “तिकडं कॉम्प्युटर येतो म्हणून सांगू नकोस. इचारलं तर येत न्हाई म्हण.” मी म्हटलं. सासरी कुणी विचारलं तर येत नाही. माझ्या नवऱ्याच्या बियाण्यांच्या दुकानात कॉम्प्युटर आला, तो अडला की बाहेरून माणूस यायचा, दोन दिवस घालवायचा, आणि मी चहा द्यायला जाऊन बघत राहायचे की तो चुकीच्या ठिकाणी शोधतोय. येत नाही. मुलीच्या शाळेत पालकांनी कॉम्प्युटरवर माहिती भरायची होती. येत नाही. एखादी गोष्ट वीस वर्षं येत नाही म्हटलं की ती खरंच जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. बोटं आपोआप टंकत असतात, मांडीवर, पाटावर, भाकरीच्या पिठात. हेसुद्धा मी वहीत हाताने लिहिते आहे, याचं मला कधीकधी हसू येतं.

गेल्या वर्षी अण्णा डोळे दाखवायला म्हणून चार दिवस माझ्याकडे राहायला आले होते. आई आता नाही, तात्याही नाहीत. अण्णा थकलेत, पण वाचायची सवय तशीच आहे, माझ्या स्वयंपाकघरातले मसाल्यांचे डबे वाचून त्यांनी मला अर्थ सांगितले. दुपारी ते पडवीत खुर्चीवर बसले होते आणि मी शेंगा फोडत होते. त्यांच्या हातातला मोबाइल सारखा ‘टुंग टुंग’ करत होता. पुतण्याने घेऊन दिलेला मोठा फोन. ते एकीकडे पुसत होते आणि दुसरीकडे नवीन उगवत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी तो उपडा करून मांडीवर ठेवला आणि इकडे-तिकडे बघून मला जवळ बोलावलं.

“सुवर्णा, हे बघ गं जरा,” ते हळूच म्हणाले. “बक्षीस लागलं म्हणतंय, व्हायरस आला म्हणतंय. अन् बायांचे कसलेतरी फोटो येऊ लागलेत. काट दाबली की दुसरं उघडतंय. तुझ्या पोरीला दाखवायची लाज वाटती.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी काही केलं न्हाई गं. आपोआप येतंय.”

मला माहीत होतं की आपोआप येतंय. कुठल्याशा पानाने परवानगी मागितली असणार आणि त्यांनी वाचून, अर्थ लावून, ‘हो’ दाबलं असणार. कुठे जायचं आणि काय बंद करायचं ते मला दिसत होतं. माझ्या हातात शेंगांची टरफलं होती. मी ती परातीत टाकली, हात पदराला पुसले. अण्णांनी फोन माझ्यापुढे धरला.

“तुला येतं ना हे बंद करायला?” त्यांनी विचारलं.

आयुष्यात हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते वाट बघत होते.

“नाही, अण्णा,” मी म्हटलं. “मला येत नाही.”

त्यांनी मान हलवली, दोन-तीनदा, सावकाश. अर्थ विचारला नाही. फोन खिशात घातला, तिथे तो वाजतच राहिला, आणि मी पुन्हा शेंगा फोडायला बसले. दोन मिनिटांचं काम होतं.